चित्रपुस्तक कसे निवडावे, कसे वाचावे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला हा विषय दिला तेव्हा काही सभासदांना तो जरा बारीक वाटला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा असे मोठे प्रश्न समोर असताना लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवर अर्धा तास कशाला, असे एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला सरळच विचारले. त्यांचा प्रश्न योग्य आहे. त्यावर आमचे म्हणणे एवढेच, की आपल्या अभ्यासिकेत आज जो तरुण जाड पुस्तक उघडताना बिचकतो, तो ते बिचकणे सहाव्या-सातव्या वर्षी शिकलेला असतो. त्या वयात त्याच्या हातात काय पडले, कोणी दिले आणि कसे वाचून दाखवले, याविषयी आज बोलायचे आहे.

आम्ही म्हणजे तिघे. एक बाई नगरपालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवतात, एक गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहेत आणि तिसरे अजून नोकरीत आहेत. दर रविवारी सकाळी याच सभागृहात वस्तीतली मुले गोळा करून आम्ही पुस्तके वाचून दाखवतो. आम्ही या विषयातले तज्ज्ञ नाही. जे शिकलो ते बहुतेक चुका करून शिकलो. त्यातली एक चूक मोठी होती. ती आधी सांगतो, म्हणजे बाकीचे बोलणे कशासाठी आहे ते ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी एका शाळेला वाचनालयासाठी थोडे पैसे मिळाले आणि पुस्तके निवडण्याचे काम आमच्याकडे आले. पुस्तक प्रदर्शनाच्या मंडपात आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि विक्रेते गठ्ठे बांधायच्या घाईत होते. वजनावर भाजी घ्यावी तशी आम्ही पुस्तके घेतली. कागद चकचकीत, आकार मोठा, किंमत कमी, झाले. त्यात समाजातल्या मदतनीसांची ओळख करून देणारे एक पुस्तक होते. डॉक्टर काका, पोस्टमन काका, शिक्षिका ताई, सैनिक दादा, शेतकरी दादा, शिंपी काका आणि शेवटच्या पानावर झाडूवाली.

बाईंनी दुसरीच्या वर्गात ते वाचून दाखवले. शेवटचे पान उलटले आणि वर्गातल्या सगळ्या माना एका मुलीकडे वळल्या. कोणी बोलले नाही, कोणी हसलेही नाही. नुसत्या माना वळल्या. तिची आई नगरपालिकेत सफाई कामगार आहे हे सर्वांना माहीत होते. ती मुलगी पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही.

त्या संध्याकाळी आम्हा तिघांत वाद झाला. गुरुजी म्हणाले, पुस्तक फाडून टाका. नोकरीतले सर म्हणाले, पुस्तक काढून टाकले तर त्या कामात लाज आहे हे आपणच कबूल केल्यासारखे होईल. दोघांचेही खरे वाटत होते आणि काय करावे ते कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई पुस्तक पिशवीत घालून त्या मुलीच्या घरी गेल्या. आई नुकतीच कामावरून आली होती. तिने हात धुतले, पुस्तक मांडीवर घेतले, एकेक पान पाहिले आणि शेवटच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, सगळ्यांना तोंड आहे. हिलाच तोंड नाही की."

खरेच होते. डॉक्टर, पोस्टमन, शिंपी, सगळे आपल्याकडे तोंड करून हसत उभे होते. झाडणारी बाई तेवढी वाकलेली आणि पाठमोरी. सगळ्यांना काका, दादा, ताई असे नाते जोडलेले. ती नुसती झाडूवाली. मिळून साठ-सत्तर वर्षे वर्गात घालवलेल्या आम्हा तिघांना हे दिसले नव्हते. दोन दिवस आम्ही त्या कामाविषयी वाद घालत होतो. त्या चित्राकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

मुलगी शाळेत आल्यावर बाईंनी तिच्या आईला विचारूनच ते पुस्तक पुन्हा वर्गात उघडले. या वेळी काही वाचले नाही. एवढेच विचारले, "या पुस्तकात कोणाचा चेहरा आपल्याला दिसत नाही?" मुले सरसावून पाहू लागली. कोणी म्हणाले, शिंप्याच्या मशीनचे चाकसुद्धा नीट काढले आहे, दोरासुद्धा दिसतो. थोड्या वेळाने ती मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, रस्ता केरसुणीने नाही झाडत. खराट्याने झाडतात. लांब दांडा असतो." चित्रकाराने त्या बाईच्या हातात घरातली केरसुणी दिली होती. रस्ता झाडणारे माणूस त्याने कधी नीट पाहिलेच नसावे. त्या आठवड्यात मुलांनी त्या पानासाठी नवे चित्र काढले. खराटा, ढकलगाडी, गमबूट आणि समोर पाहणारी मावशी. मावशी हे नाते मुलांनीच ठरवले. ते चित्र खळीने पुस्तकाच्या शेवटी चिकटवले आहे आणि पुस्तक आजही आमच्या पेटीत आहे.

आता निवडीकडे येऊ. त्या प्रसंगानंतर आम्ही पहिला नियम केला तो असा, की पूर्ण वाचल्याशिवाय एकही पुस्तक घ्यायचे नाही. हे अवघड नाही. चित्रपुस्तक बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांचे असते. छापखान्यात मोठ्या कागदाची घडी पडून १६ पानांचा एक फॉर्म होतो, म्हणून हे आकडे. त्यात मजकूर तो किती, काहीशे शब्द. एका पुस्तकाला पाच मिनिटे लागतात. शंभर पुस्तकांना एक दिवस. कापड घेताना आपण उजेडात नेऊन पोत पाहतो. मग मुलांचे पुस्तक आंधळेपणाने का घ्यावे?

वाचायचे ते मोठ्याने. मराठीत आलेली पुष्कळ चित्रपुस्तके भाषांतरित असतात आणि काहींची वाक्ये जिभेवर अडखळतात. डोळ्यांनी वाचताना ते खपून जाते, तोंडाने वाचताना लगेच उघडे पडते. जे वाक्य आपल्यालाच दोनदा म्हणावे लागते ते चाळीस मुलांपुढे कसे चालणार?

दुसरी एक युक्ती सांगतो, ती आम्हाला फार उपयोगी पडली. आधी तळहाताने मजकूर झाका आणि नुसती चित्रे पाहत शेवटपर्यंत जा. मग चित्रे झाकून नुसता मजकूर वाचा. दोन्हीकडून एकच गोष्ट कळली तर समजावे, की दोघांपैकी एकजण फुकट बसला आहे. असे पुस्तक वाईट नसते, पण ते चित्रे घातलेले गोष्टीचे पुस्तक असते. चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र त्यात भर घालते, कधी शब्दांना खोटेही पाडते. समजा, मजकुरात लिहिले आहे, 'मांजर घरात कुठेच नव्हते', आणि चित्रात खाटेखालून शेपटी दिसते आहे. वर्गात हे पान उघडले, की शेवटच्या रांगेतला, अजून एक अक्षरही न येणारा मुलगा ओरडतो, "आहे, आहे, तिथे आहे!" त्या क्षणी तो वाचणाऱ्या बाईंपेक्षा जास्त जाणतो. वाचता न येणाऱ्या मुलाला असा मान पुस्तकाकडून मिळणे ही लहान गोष्ट नाही.

मग माणसे पाहावीत. कोण काम करतो आणि कोण बसून सांगतो? आई प्रत्येक पानावर ओट्यापाशीच आहे का? गाव म्हटले की तेच नदी, डोंगर आणि कौलारू घर, आणि पत्र्याचे घर कुठेच नाही, असे आहे का? चोर, राक्षस, आळशी नोकर यांचा रंग तेवढा काळा आणि राजकन्या गोरी, असे आहे का? हे आम्ही अक्षरशः मोजतो. सुरुवातीला आम्हाला हा संशयीपणा वाटत होता. चार-पाच पुस्तके मोजल्यावर तसे वाटेनासे झाले. मात्र आपल्यासारखीच घरे, आपल्यासारखीच माणसे असलेलीच पुस्तके घ्यावीत असे आमचे म्हणणे नाही. बर्फातले घर, समुद्रातला देवमासा, परदेशातली आजी हे सारे आमच्या मुलांनाही पाहिजे. फक्त बर्फच बर्फ असून चालत नाही.

शेवटच्या पानावर चौकटीत उपदेश छापलेला असेल तर आम्ही ते पुस्तक सहसा परत ठेवतो. आणि बांधणी पाहतो. पुस्तक पुरते उघडत नसेल आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग घडीत गडप होत असेल, तर चांगले चित्रही वाया जाते. गडद चित्रावर काळी अक्षरे छापलेली पुस्तकेही नकोत. पहिलीच्या मुलाला ती दिसत नाहीत आणि त्याला वाटते, आपल्यालाच येत नाही.

पुस्तके मिळतात कुठे, असे पालक विचारतात. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॅशनल बुक ट्रस्ट आणि व्यंगचित्रकार शंकर यांनी काढलेला चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ सालच्या. पैकी नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला मराठीतही आहे. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाने या क्षेत्रात सातत्याने काम केले आहे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके पाहावीत. लिहिणे आणि चित्रे काढणे ही दोन्ही कामे त्या स्वतः करतात, म्हणून शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत. त्यांचे 'वाचू आनंदे' शिक्षकांनी तरी संग्रही ठेवावे. चेन्नईचे तूलिका प्रकाशन १९९६ पासून अनेक भारतीय भाषांत चित्रपुस्तके काढते, भोपाळच्या एकलव्यची हिंदी पुस्तके चांगली आहेत, आणि बंगळूरच्या प्रथम बुक्सने २०१५ साली स्टोरीवीव्हर नावाचे भांडार खुले केले. तिथल्या मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, छापता येतात, स्वतःच्या बोलीत भाषांतरही करता येतात. ज्या शाळेत प्रोजेक्टर आहे तिथे पूर्ण वर्गाला एकच चित्र मोठे करून दाखवता येते. तिथल्या सगळ्याच गोष्टी सारख्या दर्जाच्या नाहीत. तळहाताची युक्ती तिथेही करावी.

आता थोडे नाजूक बोलतो. बाबासाहेबांच्या जीवनावरची चित्रांची पुस्तके आपल्या घरांत असतात, असावीतच. अमर चित्र कथेचा बाबासाहेबांवरचा अंक १९७९ साली निघाला. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तो पारायण केल्यासारखा वाचला. तूलिकाने २०१५ साली लहानग्या भीमरावाच्या प्रश्न विचारण्यावर बेतलेले चित्रपुस्तक काढले. २०११ साली नवयाना प्रकाशनाने 'भीमायन' काढले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. ते आठवीच्या पुढच्या मुलांचे पुस्तक आहे, पण त्यातली एक गोष्ट आम्ही धाकट्यांनाही दाखवतो. त्यात नेहमीच्या कॉमिकसारखे चौकोन नाहीत. आणि बोलण्याचे फुगे दोन तऱ्हेचे आहेत. साध्या, भल्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि टोचणाऱ्या, अपमान करणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी. सहा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. एका मुलाने ते पाहून विचारले, "आमच्या वर्गात पण असे फुगे दिसले असते तर?" आम्ही त्यावर काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात कोणीतरी एक विंचू काढून ठेवला होता.

पण आमची एक तक्रार आहे. आपल्या मुलांच्या वाट्याला पुस्तकात एक तर महापुरुष येतात, नाहीतर दुःख येते. आपल्या वस्तीतल्या मुलाची चप्पल हरवली, त्याने ओढ्यात खेकडा धरला, आजीने त्याला बाजारात नेले आणि तो चुकला, अशी साधी गोष्ट, ज्यात तो मुलगा कोणाचेही उदाहरण म्हणून उभा केलेला नाही, अशी पुस्तके आम्हाला फार कमी मिळाली. महाश्वेता देवींच्या मोयना या शबर मुलीची गोष्ट तूलिकाने २००३ साली चित्रपुस्तकरूपात काढली. ती मुलगी एकसारखी 'का' विचारते आणि म्हणून मुलांना आवडते. हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेने २००८ साली 'डिफरंट टेल्स' ही माला तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत काढली. पाठ्यपुस्तकांत न येणारी बालपणे तिच्यात आली आहेत. मराठीत दलित आत्मकथनांची एवढी थोर परंपरा असताना लहानांसाठी या वाटेवर इतके थोडे काम का झाले, हा प्रश्न आम्ही इथे बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवून जातो. तुमच्यात चित्रे काढणारे आहेत, लिहिणारेही आहेत.

चित्रांतून गोष्ट सांगणे ही परदेशातून आलेली नवी पद्धत आहे असे काही शिक्षक म्हणतात. कोमेनियस या युरोपातल्या शिक्षकाचे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक १६५८ सालचे आहे, हे खरे. पण भरहुतचा स्तूप त्याच्या कितीतरी आधीचा, इसवी सनापूर्वीचा. १८७३ साली कनिंगहॅम यांनी तो शोधून काढला आणि त्याचे कठडे आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यावर जातककथा कोरल्या आहेत आणि कित्येक चित्रांवर ब्राह्मी लिपीत कथेचे नावही कोरले आहे. एका ओळीचा मजकूर आणि बाकी सारे चित्र.

त्यातल्या हरणाच्या जातकाची झेरॉक्स आम्ही चौथीच्या मुलांना वाटली. गोष्ट आधी सांगितली नाही. एका गोलात सगळे आहे. खाली पाण्यातून पोहणारे हरीण आणि त्याच्या पाठीवर माणूस. एका बाजूला धनुष्य ताणलेला राजा. आणि मध्ये तोच राजा हात जोडून हरणासमोर उभा. मुले आधी म्हणाली, तीन हरणे आहेत आणि दोन राजे आहेत. मग एकाने शंका काढली, की शिकार करायला आलेला माणूस हात कशाला जोडेल? दोन राजे भांडत का नाहीत? बराच गोंधळ झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "हा आधीचा राजा आहे आणि हा नंतरचा." तिने ज्या क्षणी 'आधी' आणि 'नंतर' म्हटले त्या क्षणी सगळ्या वर्गाला चित्र वाचता आले. मग हरणाने बुडणाऱ्या माणसाला वाचवले आणि त्यानेच पुढे राजाला हरणाची जागा दाखवली, ही गोष्ट आम्ही सांगितली. नंतरचा पाऊण तास मुले त्या माणसावर चिडून बोलत होती. आम्ही तात्पर्य विचारले नाही.

अजिंठ्याला सतराव्या लेण्यात मुलांना घेऊन गेलो तेव्हा त्यांना हेच कामी आले. तिथे विश्वंतर पुनःपुन्हा येतो, आणि चित्रकाराने एक प्रसंग संपला हे कुठे दार, कुठे खांब, कुठे झाड काढून सुचवले आहे. मुले अंधूक उजेडात दारे शोधत फिरत होती. सहलीला आलेले एक मोठे गृहस्थ आमच्या मुलांच्या मागून चालू लागले.

वर्गात वाचण्याविषयी आता. पुस्तक आपल्या छातीशी धरून वाचू नये. ते बाजूला, खांद्याच्या उंचीवर धरावे आणि आपण तिरके पाहून वाचावे. त्यासाठी मजकूर जवळजवळ पाठ हवा. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या मुलांना चित्र दिसत नाही, ही खरी अडचण आहे. आम्ही वर्गाचे दोन भाग करतो. अर्धी मुले जमिनीवर अर्धगोलात बसतात, अर्धी चित्रे काढतात, मग अदलाबदल. वेळ दुप्पट लागतो. अभ्यासक्रम मागे पडतो अशी तक्रार होते, त्यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. एवढे मात्र पाहिले, की ज्या वर्गात आठवड्यातून तीनदा असे वाचन झाले तिथे मुले पाठ्यपुस्तकातले चित्रवाचनाचे पान गाळून पुढे जाऊ देत नाहीत.

मुखपृष्ठावर थांबावे. पुस्तानीचा रंगीत कागद उलटताना थांबावे. कित्येक चित्रकार तिथेच गोष्टीची पहिली खूण ठेवतात आणि शिक्षक ते पान घाईने उलटतात. पान उलटण्याआधी थोडे थांबावे, मुलांना अंदाज करू द्यावा. पण प्रत्येक पानावर प्रश्न नकोत. हा आजार आम्हा शिक्षकांचा. चित्रात किती बदके? टोपीचा रंग कोणता? तपासनिसाने विचारावे तसे विचारत गेलो, की गोष्ट मरते. पहिल्यांदा वाचताना आम्ही एकही प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या वाचनात एकच विचारतो, आणि तो शक्यतो असा, की ज्याचे उत्तर आम्हालाही ठाऊक नाही. ते पुस्तक मुलांनी पुन्हा मागितले तर पुन्हा वाचतो. एक पुस्तक आम्ही आतापर्यंत किती वेळा वाचले याचा हिशेब राहिलेला नाही. बाईंना त्याचा कंटाळा आला आहे, मुलांना आलेला नाही.

मुलाने गोष्ट परत सांगितली तर ती त्याच्या बोलीत येते. कोणी अहिराणीत सांगेल, कोणी वऱ्हाडीत, कोणी लमाणी बोलेल. ती सांगत असताना मध्येच 'असे नाही, असे म्हण' म्हणून दुरुस्त करू नये. आमच्या निवृत्त गुरुजींनी नोकरीची तीस वर्षे हेच केले. ते स्वतःच सांगतात, की मी भाषा सुधारायला गेलो आणि मुले गप्प झाली. बिनशब्दांची पुस्तके यासाठी फार चांगली. त्यात चूक काढायला शिक्षकाला जागाच नसते. मुले सांगतात तशी वाक्ये आम्ही चिठ्ठीवर उतरवून पानाखाली लावतो, आणि मग तेच पुस्तक तीच मुले वाचतात. स्वतःच्या तोंडचे वाक्य छापल्यासारखे समोर दिसले, की अक्षरे लवकर ओळखू येतात.

शेवटचा मुद्दा कपाटाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह वाचनालय असावे असे लिहिले आहे. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या वाचनालयासाठी ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद करण्यात आली. म्हणजे पुस्तके पुष्कळ शाळांत पोहोचली आहेत. ती असतात कुठे? कुलपात. कारण ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवलेली असतात, आणि एखादे हरवले, फाटले तर आपल्याकडून वसुली होईल ही भीती मुख्याध्यापकांना असते. आम्ही एका शाळेत गेलो तर कपाटातली पुस्तके एकमेकांना चिकटली होती, इतकी वर्षे ती कोणी उघडली नव्हती. सगळी नवी कोरी, नोंदवही बिनचूक. त्या मुख्याध्यापकांचा दोष म्हणावा तर तसेही नाही. त्यांच्या आधीच्यांनी खरोखरच खिशातून पैसे भरले होते.

यावर आम्ही पालकांची सभा घेतली. वापरून फाटलेले पुस्तक म्हणजे हरवलेले पुस्तक नव्हे, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने करून घेतला आणि वर्षाअखेरीस फाटक्या पुस्तकांची यादी समितीपुढे ठेवायची पद्धत सुरू केली. पहिल्या वर्षी सतरा पुस्तके फाटली. सभेत एक पालक रागावले, मुलांना शिस्त नाही म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी ती फाटकी पुस्तके मागून घेतली, घरी नेली आणि कापडी पट्टी लावून, सुई-दोऱ्याने शिवून आणली. त्यांना स्वतःला वाचता येत नाही. पण शिवताना चित्रे पाहिली, आणि एका पुस्तकाची पाने उलटसुलट लागली होती ती त्यांनी चित्रांवरून बरोबर लावून दिली. आता ते काम त्यांच्याकडेच आहे. कापडी पट्टी आणि दोरा यांचा खर्च संस्था देते, त्याबद्दल कार्यकारिणीचे आभार.

पुस्तकांची पेटी आम्ही बाहेर व्हरांड्यात ठेवली आहे. खराटा घेतलेल्या मावशीचे पुस्तकही तिच्यात आहे. चहाच्या वेळी मोठ्यांनीही पाहावीत. घरी न्यायचे असेल तर नोंद करावी लागते. नोंदवही सांभाळणारी मुलगी आता सातवीत आहे. नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय ती कोणालाही पुस्तक देत नाही, अध्यक्ष महोदयांनाही देणार नाही.